सोळा कॉन्टिग आले म्हणून यीस्टचा जीनोम पूर्ण होत नाही

संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या बायोटेकच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'लाँग-रीड डेटा असला की यीस्टचा जीनोम एका कमांडमध्ये जुळतो. पॉलिशिंग लागत नाही. सोळा कॉन्टिग आले की काम फत्ते. फक्त मोठा सर्व्हर नसेल तर नादी लागू नका.' (रीड म्हणजे डीएनएचा वाचलेला तुकडा, लाँग-रीड म्हणजे हजारो बेस लांबीचा; कॉन्टिग म्हणजे रीड जुळवून मिळालेला सलग तुकडा; पॉलिशिंग म्हणजे जुळणीत उरलेल्या चुका दुरुस्त करणं.)

सर्व्हरचं आधी, कारण तेवढं वाचूनच आपली मुलं माघार घेतात. यीस्टचा जीनोम जेमतेम १.२ कोटी बेसचा. पन्नासपट कव्हरेज, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी पन्नास वेळा वाचलेला, धरलं तरी ६० कोटी. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर 'फ्लाय' हा असेंब्लर (रीड जुळवणारा प्रोग्राम) हे काही तासांत उरकतो. पुण्याच्या सर्व्हरसाठी अडून बसायचं कारण नाही.

'एका कमांडमध्ये' हे हॅप्लॉइड (क्रोमोसोमचा एकच संच असलेल्या) स्ट्रेनपुरतं बरंचसं खरं. १९९६ मध्ये पूर्ण झालेला संदर्भ जीनोम तशाच एस२८८सी स्ट्रेनचा आहे. पण आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात तशी औद्योगिक यीस्ट बहुधा डिप्लॉइड (दोन संचांची) किंवा त्याहून जास्त संचांची असतात. तिथे असेंब्लर वेगळे संच कधी एकात मिसळतो, कधी एकच भाग दोनदा देतो.

पॉलिशिंग हायफाय (पॅकबायोच्या अचूक लाँग-रीड) रीडना सहसा लागत नाही, हे मान्य. नॅनोपोर या दुसऱ्या लाँग-रीड तंत्राचं तसं नाही. त्याच्या आर१० फ्लोसेलने (वाचनाच्या चिपने) चुका बऱ्याच घटल्या, तरी सलग आठ 'ए' असताना सात वाचले गेले तर रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेस वाचण्याची चौकट) सरकते, मध्येच स्टॉप कोडॉन (प्रोटीन थांबवणारी खूण) येतो आणि धडधाकट जीन मोडका दिसतो.

खरी फसगत सोळाच्या आकड्यात आहे. क्रोमोसोम सोळाच, पण सुमारे ८५ हजार बेसचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि बऱ्याच स्ट्रेनमधला टू-मायक्रॉन प्लाझ्मिड (छोटा गोल डीएनए) वेगळे. शिवाय बाराव्या क्रोमोसोमवर आरडीएनएचा (रायबोसोमच्या आरएनएच्या जीनचा) ९.१ हजार बेसचा तुकडा शंभर ते दोनशे वेळा ओळीने येतो. तीस हजारांच्या रीडमध्ये त्याच्या जेमतेम तीन प्रती मावतात. मग कॉन्टिग तिथे तुटतो, नाहीतर सगळ्या प्रती दोन-चारांत दाबल्या जातात. तुटलेला निदान दिसतो. दाबलेला अखंड क्रोमोसोम म्हणून मिरवतो आणि दहा लाख बेस गायब असतात.

म्हणून मिनिमॅप२ या प्रोग्रामने रीड परत असेंब्लीवर (जुळलेल्या जीनोमवर) बसवा आणि डेप्थ, म्हणजे एकेका जागी किती रीड बसले, ते बघा. आजूबाजूला ५० आणि आरडीएनएच्या दोन प्रतींवर प्रत्येकी ३००० असेल, तर खऱ्या प्रती १२० च्या आसपास आहेत. हा आकडा प्रबंधात कॉन्टिगच्या संख्येशेजारीच लिहा.