वराहशेड, दगडफूल आणि नत्राचा हिशेब

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेले तीन महिने एकच वाद धुमसतो आहे. माझ्या मामेभावाला राष्ट्रीय पशुधन अभियानातून शंभर माद्या आणि दहा नरांचा वराहपालन प्रकल्प उभारायचा आहे. खर्चाच्या निम्मे, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, म्हणून तो हटून बसला आहे. गावातल्या अनेकांनी मात्र दुर्गंधीचे कारण पुढे करून ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्याला विरोध केला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की प्रदूषणाचे नियम हे पोट भरलेल्या देशांचे चोचले आहेत, दुसऱ्या बाजूचे असे की डुकरे नकोतच. मी नेदरलँड्समध्ये राहते, त्यामुळे दोन्ही बाजू मलाच साक्षीला बोलावतात. ‘ताई, तिकडे कसं करतात ते सांग,’ हा भावाचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

मी आइंडहोवनला राहते. इथून सायकलने पूर्वेला आस्टन किंवा सोमेरेनच्या दिशेने निघाले की वाटेत लांबलचक, बिनखिडक्यांच्या शेडांच्या रांगा लागतात. देशातल्या सुमारे एक कोटी डुकरांची सर्वाधिक दाटी याच नॉर्थ ब्राबंट प्रांतात आहे आणि तिला लागूनच द ग्रोटे पील हे दलदलीचे संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे. जनावर मात्र रस्त्यावरून जवळजवळ दिसत नाही. दिसतात ते पंखे आणि शेडमधून बाहेर पडणारी हवा धुऊन तिच्यातला वास आणि अमोनिया अडवणारी यंत्रे.

गावातल्या वादात दोन्ही बाजू फक्त वासाबद्दल बोलतात, अमोनियाचे नाव कोणी काढत नाही. डुकराच्या मूत्रात युरिया असतो आणि विष्ठेत युरिएज नावाचे विकर (एन्झाइम). हे दोन्ही खड्ड्यात एकत्र आले की युरियाचे विघटन होऊन अमोनिया हा नत्राचा (नायट्रोजनचा) वायू तयार होतो, आणि स्लरी, म्हणजे मलमूत्राचा हा पातळ काला, जितकी उबदार, जितकी पसरलेली आणि तिचा सामू (पीएच) जितका जास्त, तितका तो वेगाने हवेत उडतो. शेडमध्ये तो डोळ्यांना चुरचुरतो. बाहेर गेल्यावर धुरातल्या आम्लांशी संयोग पावून पीएम २.५ चे सूक्ष्म कण बनवतो, आणि उरलेला जमिनीवर उतरून तिथे न मागितलेले खत घालतो. पीलसारख्या निकस दलदलीत त्यामुळे मूळच्या वनस्पती हटतात आणि गवत माजते. भारतात २००९ च्या हवा-मानकांनुसार अमोनियाची वार्षिक मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी शैवाकांसाठी धोक्याची पातळी ठरवली आहे ती फक्त १. आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल हे शैवाकच. माणसाच्या नाकाला पुरेशी स्वच्छ वाटणारी हवा दगडफुलाला विषारी असू शकते, हे मलाही इथे आल्यावरच कळले.

या देशाने काही केले नाही असे मुळीच नाही. स्लरीच्या टाक्यांवर झाकण सक्तीचे झाले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ती शेतावर उधळण्याऐवजी मातीत सोडण्याचा नियम आला, खाद्यातली प्रथिने कमी झाली, आणि १९९० च्या तुलनेत देशाचे अमोनिया उत्सर्जन सुमारे दोन तृतीयांशाने घटले. शेजारच्या डेन्मार्कमध्ये स्लरीत सल्फ्युरिक आम्ल मिसळून तिचा सामू साडेपाच-सहापर्यंत खाली आणतात, म्हणजे अमोनिया बराच कमी उडतो. (हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा नाही, स्लरीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने माणसे दगावतात.)

तरीही इथे संकट आलेच, आणि ते हिशेबाच्या वहीतून आले. २०१५ साली सरकारने एक योजना आणली, जिच्यात हवेत जाणारे नत्र पुढे कधीतरी घटेल या भरवशावर ते सोडणाऱ्या प्रकल्पांना आजच नवे परवाने दिले जात. २९ मे २०१९ रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा उधारीचा कारभार बेकायदा ठरवला. परवाना नको, नोंद पुरे, या सरकारच्या सांगण्याप्रमाणे फक्त नोंद करून बसलेले हजारो प्रामाणिक शेतकरी एका दिवसात विनापरवाना झाले, घरबांधणीचे प्रकल्प अडकले, वाहनांच्या धुरातूनही नत्र येते म्हणून मार्च २०२० पासून मोटरवेवरचा दिवसाचा वेग ताशी १०० किलोमीटरवर आला, ट्रॅक्टर द हेगमध्ये शिरले. मी स्वतः त्या ट्रॅक्टरांच्या मागे अडीच तास अडकले होते आणि मनातल्या मनात शेतकऱ्यांना बोल लावत होते. आता तितक्या जोरात लावणार नाही.

यंत्रांची कथाही तीच. वास आणि अमोनिया दोन्ही अडवणाऱ्या संयुक्त यंत्रांची वागेनिंगन येथील कृषी संशोधकांनी प्रत्यक्ष शेडांवर तपासणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. वास कमी होण्याचे प्रमाण सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास निघाले, कागदावर ते जवळपास दुप्पट होते, आणि अमोनियाची घटही नोंदवलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली. दरम्यान त्या कागदी आकड्यांवर परवाने देऊन शेडे उभी राहिली होती. यंत्र विजेवर चालते, वीज महाग असते आणि रात्री तपासायला कोणी येत नसते, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

‘तिकडचं यंत्र इकडे आणू या’ या भावाच्या उत्साहावर मी म्हणून पाणी टाकले. त्याला मी सांगितले की इथल्या आणि तिथल्या शेतकऱ्याच्या परिस्थितीत एक मूलभूत फरक आहे, जो दोन्ही बाजूंच्या भांडणात हरवला आहे. इथे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या सोयापेंडीवर जनावरे पोसली जातात आणि जमिनीला नकोशी झालेली स्लरी उचलून नेण्यासाठी शेतकऱ्याला पैसे मोजावे लागतात. अमोनिया अडवला की स्लरीतले नत्र वाढते, म्हणजे ओझेच वाढते. आपल्याकडे शेणखताची ट्रॉली विकत घ्यावी लागते आणि हंगामात युरियाच्या गोणीसाठी रांगा लागतात. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. शेडमधली एका वाढत्या डुकराची जागा वर्षभर भरलेली असली तर तिथून ढोबळमानाने १० किलो नत्र बाहेर पडते. म्हणजे दोन डुकरांमागे वर्षाला एक गोणी, आणि त्यातला मोठा वाटा उघड्या खड्ड्यातून उडू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. नियम चोचले आहेत की नाहीत हा वाद इथे गैरलागू ठरतो, कारण अडवलेले नत्र त्याच्याच पदरात पडणार आहे.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टीही महाग नाहीत. फरशीला उतार देऊन मूत्र वेगळ्या नाल्यातून काढणे, टाकीवर झाकण, स्लरी सरीत सोडून लगेच मातीआड करणे. खाद्यातली प्रथिने एका टक्क्याने उतरवून लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्ले वरून दिली तर अमोनिया साधारण दहा टक्के घटतो आणि पेंडीचाही खर्च वाचतो. हे सगळे शेड बांधण्याआधीच नकाशात यायला हवे. उभ्या शेडची फरशी फोडून उतार कोणी देत नाही.

पण माझा खरा आक्षेप प्रकल्पाच्या आकाराला होता. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार, नायट्रेट-प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून एका हेक्टरवर वर्षाला १७० किलोपर्यंतच नत्र देता येते. भावाची जमीन पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर. तिथे तीस-पस्तीस वाढत्या डुकरांचे खत मावते. शंभर माद्या आणि त्यांची पिल्ले धरली तर मला दीडशे एकरांच्या आसपास जमीन लागेल असे दिसले. अनुदानाच्या अर्जात माद्यांच्या संख्येचा रकाना असतो, तेवढ्यावरून खताचे काय होणार हे कळत नाही. ब्राबंटमध्ये चाळीस वर्षांपूर्वी हा भागाकार कोणी केला असता तर पीलची दलदल वेगळी दिसली असती.

भाऊ दोन दिवस गप्प होता. मग त्याने गावातल्या ऊस लावणाऱ्यांची यादी पाठवली. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, त्यामुळे स्लरी घेणारे शिवारात मिळू शकतात. अडचण इतकीच की यादीतली पहिली चार नावे दाखल्याला विरोध करणाऱ्यांचीच आहेत. आता तो वीस माद्यांचा वेगळा नकाशा काढतो आहे आणि त्या चौघांकडे चहाला जाण्याचा मुहूर्त शोधतो आहे.