ब्लेड फिरलं पाहिजे

आमच्या साडूंचा देवावर विश्वास आहे, पण श्रद्धा म्हणाल तर ती ब्लेडवर. दाढीच्या नव्हे, मासे गरवायच्या आमिषाला लावतात त्या नखाएवढ्या चकचकीत पत्र्याच्या ब्लेडवर. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहून माणसाचं असं होतं. इथे दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठली की शहाणी माणसं घरात बसतील असं आपल्याला वाटतं. बसत नाहीत. बर्फाला भोक पाडून त्याच्याशेजारी बसतात.

साडूंना नाही म्हणायची सोय नसते, कारण बायको आणि मेव्हणी एकाच पक्षात. "जा की जरा, घरात बसून काय करणार?" बाहेर उणे वीस असताना हे वाक्य म्हणताना आमच्या हिचा आवाज जराही कापला नाही. मेव्हणी तर नारळ फोडायला घेऊन मोकळी. वाटण तयार ठेवते म्हणाली.

मी मालवणचा. मासा रापणीच्या जाळ्यात येतो, किनाऱ्यावर आरडाओरडा करत विकला जातो आणि वाटा होऊन पिशवीत पडतो, एवढीच आमची मत्स्यविद्या. वॉलाय नावाच्या एका माशासाठी शंभर मैल उत्तरेला गाडी हाकायची हे मला नवीन होतं. मिल लॅक्स हे तळं कसलं, दोनशे चौरस मैलांचा पसारा आहे. साडूंनी गाडी किनाऱ्यावर थांबवली नाही, सरळ तळ्यावर घातली. "चार इंच बर्फावर माणूस चालतो. आज चांगला वीस इंच आहे," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी खालून धडाम् असा आवाज आला. "वाजू दे. वाजतो तो बर्फ चांगला." पुढची दहा मिनिटं मी पाय सीटवर घेऊन बसलो. त्याने वजन कमी होत नाही हे मलाही कळत होतं.

मशीनने भोकं पाडून झाल्यावर आत तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला त्यांनी माझ्या हाती जे हत्यार दिलं, तो चक्क झारा होता. भज्यांचा असतो तसाच, दांडा तेवढा लांब. पूर्वानुभव पाहून ते खातं कायमचं माझ्याकडे आलं. चुरा काढायचा, दोन मिनिटांत वर साय धरते, पुन्हा काढायचा.

मग तंबूत बसून ब्लेडपुराण सुरू झालं. साडूंच्या डब्यात कप्पेच कप्पे. गोल ते कोलोरॅडो, सावकाश फिरतं आणि पाण्यात जोरात धडधडतं. लांबट निमुळतं ते विलो, भरभर फिरतं आणि चमकतं जास्त. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कंप टिपणारी एक रेघ असते, त्यामुळे त्याला दिसायच्या आधी ब्लेड जाणवतं, वगैरे. हे सगळं खरं आहे. अडचण वेगळीच आहे. उन्हाळ्यात होडी पुढे जाते, मागे दोऱ्यावर मणी, ब्लेड आणि गांडूळ ओढलं जातं, म्हणून ब्लेड फिरतं. आमची होडी म्हणजे प्लॅस्टिकची बादली, आणि ती कुठेही जात नव्हती. भोकात फक्त वर आणि खाली एवढ्याच दिशा. ही मणी-ब्लेडची माळ, म्हणजे स्पिनर रिग, आत सोडली की ब्लेड दोऱ्याला चिकटून गप्प लोंबतं. वर ओढली तर फिरतं, सोडली की गिरक्या खात येतं आणि गळ स्वतःच्याच दोऱ्यात अडकतो.

"अहो राव, मनगटात आहे सगळं," साडू म्हणाले. वीतभर उचला, सोडा, थांबा. उचला, सोडा, थांबा. शेवटी त्यांनी मला ब्लेड बेट दिलं. पोटाशी शिसं ओतलेली माशाच्या आकाराची पातळ पट्टी, पाठीवर तीन भोकं. दोरा कुठल्या भोकात अडकवाल त्यावर थरथर बदलते. उचललं की ती हातापर्यंत जाणवते म्हणतात. मला जाणवली, फक्त ती पट्टीची होती की माझी, हे नक्की सांगता येत नाही. कारण दोरा ज्या कड्यांतून जातो त्या बर्फाने बुजल्या होत्या आणि बोटं कुठे संपतात ते दिसत होतं, कळत नव्हतं. बर्फाखालचं पाणी शून्याच्या खाली जात नाही, तळाशी तर उलट थोडं उबदारच असतं. म्हणजे तो वॉलाय आमच्यापेक्षा निदान वीस अंशांनी सुखी होता. शिवाय तो राज्याचा अधिकृत मासा आहे, १९६५ पासून. त्याच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला फार छान दिसतं. म्हणून तो जेवायला संध्याकाळी निघतो, नेमकी थंडी वाढायला लागते तेव्हा.

हिवाळ्यात इथे माणशी दोन गळ टाकायची मुभा आहे. साडूंनी दुसऱ्या भोकात एक जिवंत मासुळी सोडून ती काठी बादलीला टेकवून ठेवली होती, बिनब्लेडची, बिनकौतुकाची. अंधारायला लागलं तशी फ्लॅशरच्या, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्राच्या, तबकडीवर एक हिरवी रेघ उमटली. मग केशरी झाली, मग लाल. "आला! ब्लेड हलवा!" मी हलवलं. रेघ वर आली. "थांबा!" मी थांबलो. रेघ ब्लेडपाशी आली, बराच वेळ पाहत राहिली, आणि नाहीशी झाली. पुढच्याच क्षणी बादलीला टेकवलेली काठी वाकली.

वर आला तो सोनेरी, काटेरी पाठीचा, काचेसारख्या डोळ्यांचा वॉलाय. फार देखणा मासा. मी म्हटलं, "म्हणजे ब्लेडला त्याने तोंडही लावलं नाही."

"बोलावलं कोणी त्याला?" साडू शांतपणे म्हणाले. "ब्लेडने हाक मारली म्हणून आला. जेवला दुसरीकडे, तो त्याचा प्रश्न."

यावर उत्तर नाही. इथले कित्येक जण मुद्दाम असंच करतात, एका भोकात हाक आणि शेजारच्या भोकात ताट. मी कढईचा विचार करू लागलो होतो. तेवढ्यात साडूंनी फूटपट्टी काढली. एकोणीस इंच. त्या हिवाळ्याचा नियम असा होता की २१ ते २३ इंचांचा एक, नाहीतर २८ इंचांहून मोठा एक, एवढाच घरी न्यायचा. मी म्हटलं, शेपूट जरा ताणून बघू. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मासा भोकात सोडला. त्याने एकदा शेपूट हलवलं आणि तो गेला. रापणीवर कुणी असं केलं असतं तर गावाने त्याला आधी वैद्याकडे नेलं असतं.

परतीच्या वाटेवर, आता हातात नसलेला मासा कोणाच्या गळाला लागला यावर आमचा वाद वाटेतल्या मिलाका गावापर्यंत चालला. घरी पोचलो तर वाटण तयार, तिरफळं भिजलेली. मेव्हणीने आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, काही न बोलता फ्रीझर उघडला आणि इंडियन स्टोअरमधल्या बांगड्यांची पिशवी सिंकमध्ये टाकली.

जेवताना साडू सांगत होते की पुढच्या खेपेला सोनेरी कोलोरॅडो लावायचं, एक नंबर मोठं. आमच्या हिने त्यांच्या ताटात दुसरा बांगडा वाढला आणि विचारलं, "भावोजी, हा कुठल्या ब्लेडवर लागला?"