माझी ती कंबर नव्हतीच

दुखणं काही लपवण्यासारखं नव्हतं, त्याचा पत्ता अवघड होता. डावी बाजू, कमरेच्या खाली, मांडीच्या वर, पँटचा खिसा जिथे संपतो त्याच्या जरा अलीकडे. गुडघा दुखला की माणूस बिनदिक्कत 'गुडघा' म्हणतो. या भागाला म्हणायचं काय? 'कुल्ला' म्हटलं की समोरचा हसतो. 'जांघ' म्हटलं की समोरची बाई खिडकीबाहेर बघायला लागते. 'खुबा' हा खणखणीत मराठी शब्द आहे, पण आमच्या घरात तो एकाच वाक्यात वापरला गेला होता : "आजी न्हाणीत पडली, खुबा मोडला." त्यानंतर आजी अंथरुणातून उठली नाही. बावन्नाव्या वर्षी तो शब्द स्वतःला लावून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी सभ्य माणसासारखं सगळीकडे सांगितलं, "कंबर दुखते."

ही सभ्यता मला सहा आठवड्यांना आणि एका पट्ट्याला पडली.

पट्टा मेडिकलवाल्याने दिला. "कंबर धरली का भाऊ? हा लावा, एक नंबर आहे." एप्रिलचा महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि आत पोटाला वीतभर रुंदीचा इलॅस्टिकचा पट्टा. तीन दिवसांत कमरेला घामोळं आलं. दुखणं होतं तिथेच, पट्ट्याच्या चार बोटं खाली, मजेत.

नागपूरच्या धरमपेठेत आम्ही चार मित्र रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला जमतो. तिथे माझ्यावर उघड्यावर शिबिर भरलं.

"काहून बे, लंगडून राह्यला?"

"कंबर रे."

"पाकीट मागच्या खिशात ठेवतो ना? नस दबून राह्यली असन."

आता, जाड पाकिटावर तासन्‌तास बसल्याने कुल्ल्यातल्या नसेवर दाब येऊ शकतो, हे खरंच आहे. पण माझं पाकीट उजव्या खिशात असतं आणि दुखत होतं डावीकडे. तसं सांगितल्यावर त्याने पोह्यांवर आणखी तर्री ओतून घेतली, विचार केला आणि म्हणाला, "मंग तिकडून इकडं आली असन."

दिवसाचं निभत होतं. रात्र कठीण. मी जन्मापासून डाव्या कुशीवर झोपतो. डाव्या कुशीवर वळलो की दहा मिनिटांत हाडावर कोणी खुंटी ठोकतंय असं वाटायचं. उजव्या कुशीवर झोपलो तर डावा पाय वरून पुढे घसरायचा आणि तीच जागा ताणून दुखायची. उताणा झोपलो की मी घोरतो, आणि मग दुखायची पाळी बायकोच्या कोपराची असते. अशा एका रात्री दोन वाजता मोबाइल उघडून मी थेट सांधा बदलण्यापर्यंत पोचलो. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये पोलादाचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवून आजच्या खुबा-बदल शस्त्रक्रियेचा पाया घातला, हे मला पहाटे तीनला कळलं. त्या क्षणी त्या गोळ्याचा भाव मी घरच्या हप्त्यांशी ताडून बघत होतो.

शेवटी बायकोनेच धंतोलीत डॉक्टरांची वेळ घेतली. धंतोलीत घरापेक्षा दवाखाने जास्त आणि दवाखान्यांपेक्षा गाड्या जास्त. गाडी लावायला जागा मिळाली ती इतक्या लांब की तिथून चालत येईपर्यंत माझं दुखणं तपासणीला अगदी तयार होतं.

"काय होतंय?"

"कंबर दुखते."

"एका बोटाने दाखवा."

मी अख्खा पंजा फिरवला. त्यात कमरेपासून मांडीपर्यंतचा सगळा तालुका आला.

"पंजा नाही. बोट."

मी बोट ठेवलं. बाहेरच्या बाजूला, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावर. डॉक्टरांनी त्याच जागी अंगठा दाबला आणि मी आजीच्या सुरात ओरडलो.

"ही कंबर नाही," ते शांतपणे म्हणाले.

मग मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर पट्ट्याचे पैसे वाचले असते. खुब्याचं दुखणं म्हणजे बहुतेक वेळा बोट कुठे जातं याचा खेळ. बोट पुढे जांघेत गेलं तर संशय खुद्द सांध्यावर : झीज, वाटीच्या कडेला इजा, असं काही. चपलेचा पट्टा लावताना, पायात मोजा घालताना तो माणूस अडतो. बोट मागे कुल्ल्यात गेलं आणि कळ गुडघ्याखाली पोटरीपर्यंत उतरली, तर बऱ्याचदा चोर मणक्यात असतो. आणि बोट माझ्यासारखं बाहेरच्या उंचवट्यावर गेलं, तर तिथे चिकटलेले कुल्ल्याच्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, कुरकुरत असतात. पूर्वी याचं सगळं खापर तिथल्या इवल्याशा पाण्याच्या पिशवीवर फोडायचे, आता कंडऱ्यांवर फोडतात. चाळिशी-पन्नाशीत हे दुखणं बरंच आढळतं, बायकांना जास्त.

"बाहेरून दुखतंय ते बरं," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचे प्रश्न विचारले. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या का? घरात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार? दारू? तिसऱ्या प्रश्नावर मी बायकोकडे न बघता "क्वचित" म्हणालो. प्रश्न चहाड्या काढायला नव्हते. या तिन्हींमुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरू शकतो. आपल्या विदर्भात सिकलसेल भरपूर, म्हणून इथे तरुण मुलाची जांघ दुखली तरी हे विचारावंच लागतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, एमआरआयमध्ये ते पकडलं जातं. माझ्यात त्यातलं काही निघालं नाही.

त्यांनी मला डाव्या पायावर तीस सेकंद उभं केलं. बाराव्या सेकंदाला मी त्यांचं टेबल धरलं.

"घरात वजन उचलता?"

"छे. फक्त कूलर भरतो."

हे मी अभिमानाने सांगितलं, कारण माझ्याकडचं ते एकमेव घरकाम. मार्च संपता संपता वाळ्याच्या ताट्या बदलल्या की न्हाणीघरातून बाल्कनीपर्यंत सकाळी सहा बादल्या, संध्याकाळी सहा.

"बादली कुठल्या हातात?"

"उजव्या."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी कागदावर माणूस काढला. एका पायावर उभं राहिलं की त्या बाजूचे कुल्ल्याचे स्नायू शरीर दुसरीकडे कलू नये म्हणून ओढून धरतात. त्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. उजव्या हातात भरलेली बादली लटकली की ती शरीर उजवीकडे ओढते, आणि तोल सांभाळायला डाव्या स्नायूला दुप्पट मेहनत. म्हणजे चालताना दर दुसऱ्या पावलाला मी तो कंडरा पिळत होतो, दिवसाला बारा बादल्या. वर पोह्याच्या ठेल्यावर डाव्या पायावर भार टाकून, खुबा बाहेर काढून तासभर उभा. वर ऑफिसात पायावर पाय. वर डावी कूस.

मी सासऱ्यांची काठी आणली होती, ती डाव्या हातात, दुखऱ्या बाजूला. डॉक्टरांनी ती काढून उजव्या हातात दिली. "काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. बादली त्याच बाजूच्या." सहा आठवडे मी दोन्ही गोष्टी नेमक्या उलट करत होतो. सिनेमात खलनायकही काठी बरोबर हातात धरत असावा, मला मात्र जमलं नाही.

उपचार इतका साधा निघाला की मी थोडा नाराजच झालो. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, दुसऱ्या कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी. पायावर पाय टाकायचा नाही, खुर्ची ठेंगणी नको. जिने चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटलं असतं, पण खरं काम व्यायामाचं आणि त्याला दोन-तीन महिने लागणार. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काका, उताणे झोपा, गुडघे वाकवा, आणि आता कुल्ले उचला." तिने तो शब्द 'कृपया सही करा' इतक्या सहज म्हटला. मी उचलले.

आठव्या आठवड्यात रात्रभर झोपलो. कूलरला बायकोने नळाची पाईप जोडली आहे, तिला हे मार्चमध्येच सुचलं होतं म्हणे.

एवढं शिकल्यावर खोटी लाज कशाला, म्हणून गेल्या सोमवारी समोरच्या काकूंनी गेटवर "कंबर कशी आहे?" विचारलं तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "कंबर नाही हो काकू, खुबा!"

काकूंनी तोंडाला पदर लावला.

संध्याकाळपर्यंत दोन घरून केळी आली. रात्री काका स्वतः ॲल्युमिनियमचा वॉकर घेऊन आले. "आईचा आहे. ती गेल्यापासून पडून आहे, वापरा," म्हणाले, आणि आमच्या न्हाणीघराची फरशी पायाने घासून बघायला आत गेले.