लेडीजची बाजू

"लेडीजची बाजू कोणती हो?" काल संध्याकाळी एका गृहस्थांनी स्कूटर थांबवून विचारलं. कसबा पेठेतल्या साडेचौदा फुटी प्लॉटवर सात महिने घासून काढलेल्या माझ्या घराच्या डिझाइनचा हा पहिला जाहीर अभिप्राय.

शेजारच्या वाड्यातले काका ओट्यावरच होते. "त्याची काय चूक? पुढे नुसत्या उभ्या पट्ट्या! मलाही तेच वाटलं होतं. फक्त विचारलं नाही."

"काका, पश्चिमेचं ऊन आहे. ४ इंची पट्टी, २ इंच फट. ऊन अडतं, वारा येतो."

"वाऱ्याला वाड्यात चौक असायचा."

"आहे ना चौक. ६ बाय ७."

"त्यात तुळस ठेवली तर माणसानं कुठं उभं राहायचं?"

आता, ९ इंची भिंती दोन्हीकडून वजा केल्या की १३ फूट राहतात. ३ फूट जिना खातो. उरलेल्या दहात चौक काय शनिवारवाड्याचा काढू? तो वाडा मात्र आमच्या फायलीत आहेच. त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरांत ना-हरकत आणा. आम्ही त्या दोनशेतले.

काकांची खरी तक्रार भिंतीची. आमचा जुना वाडा उतरवल्यावर त्यांची भिंत उघडी पडली: लाकडी सांगाडा, मातीत रचलेल्या विटा, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, तुळयांची भोकं. तिच्या कडेचा पाया सलग उकरायचा नसतो. चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक. भरलेलं काँक्रीट धरल्याशिवाय शेजारचा तुकडा खणायचा नाही. घाई केली की वर तिरकी भेग, आणि खाली टेप घेऊन काका. त्यांना तिथे सिमेंटचं प्लॅस्टर हवं होतं. मातीच्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि खांब तळातून कुजतो. चुन्याचा गिलावा केला, तर म्हणाले, "पैसे वाचवलेत." दोन भिंतींमधल्या फटीवर वाकवलेला पत्रा टाकला, तोही एकाच भिंतीत पक्का, कारण दोन्ही घरं आपापल्या वेगानं खचतात. पत्रा नसेल तर तिथे आधी पाऊस राहायला येतो, मग घूस.

"पेठेचं रूप घालवलंत," काका निळ्या काचेच्या आपल्या ॲल्युमिनियम स्लायडिंगखाली बसून म्हणाले. समोर अख्खा वाडा जाऊन टॉवर आलाय, तळाला नुसत्या गाड्या, ओटा नाही की दार नाही. त्याला कुणी काही विचारत नाही.

आज सकाळी पट्ट्यांवर पुठ्ठा लटकत होता: 'हे राहते घर आहे. सोय पुढच्या चौकात.' अक्षर काकांचं. खिळा सागवानात ठोकलाय, दीड इंच आत.