नागानोचा मायर की किट्झब्यूलचा?

परवा रात्री बंड्याने मोबाइलवर तो जुना व्हिडिओ लावला आणि कट्टा पेटला. फेब्रुवारी १९९८, जपानमधलं नागानो हिवाळी ऑलिंपिक, स्कीची डाउनहिल शर्यत, म्हणजे बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली येण्याची. ऑस्ट्रियाचा हर्मन मायर वळणावर सुटतो, आडवा होऊन हवेत उडतो, आपटतो आणि जाळ्या तोडून पलीकडच्या बर्फात गडप होतो. तीन दिवसांनी सुपर-जी या थोड्या जास्त वळणांच्या शर्यतीत सुवर्ण, आणखी तीन दिवसांनी त्याहून वळणदार जायंट स्लालममध्ये दुसरं सुवर्ण.

"असा माणूस पुन्हा होणे नाही," बंड्या म्हणाला.

"बर्फ मऊ होता म्हणून वाचला," सुध्या म्हणाला. "नशीब रे!"

बंड्या उसळला. "नशीब? पंधराव्या वर्षी स्कीच्या शाळेने घरी पाठवलं त्याला. अंगाने किरकोळ, गुडघे दुखरे. मग उन्हाळ्यात गवंडीकाम आणि हिवाळ्यात लोकांना स्की शिकवायची. १९९६ च्या जानेवारीत त्याच्याच गावात, फ्लाखाऊला, वर्ल्ड कपची, म्हणजे हंगामभर गुणांसाठी चालणाऱ्या स्कीच्या मालिकेतली, शर्यत होती. हा स्पर्धक नव्हे. शर्यतीआधी मार्ग तपासायला जी पोरं खाली सोडतात, त्यांतला एक. पण वेळ अशी लागली की शर्यतीत धरली असती तर बारावा आला असता. वय तेवीस! त्या वयात नशिबाची वाट बघणारा विटाच रचत बसला असता."

सुध्याने ते मान्य केलं. मलाही मायरच्या सगळ्या कथेत फ्लाखाऊची ही सकाळ फार आवडते.

दिल्या इतका वेळ पाय लांब करून ऐकत होता. गाडीवरून पडल्यापासून त्याच्या पायात रॉड आहे. तो म्हणाला, "नागानो सोड. किट्झब्यूल."

ऑगस्ट २००१ मध्ये मायरच्या मोटारसायकलची एका कारशी धडक झाली. उजव्या पायाचं हाड मोडून बाहेर आलं, पाय कापावा लागेल अशी वेळ आली. आत टायटॅनियमचा रॉड घातला. तो हंगाम गेला, सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिकही गेलं.

"स्कीचा बूट बघितलायस?" दिल्या म्हणाला. "दगडासारखा. वळताना नडगी त्याच्यावर रेटायची. मला रॉडनंतर उकिडवं बसायला वर्ष लागलं रे. हा जानेवारी २००३ मध्ये परत आला, स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला पहिल्या फेरीत मागे पडला, दुसरी फेरीसुद्धा मिळाली नाही. आणि दोन आठवड्यांत, २७ तारखेला, ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची सुपर-जी जिंकला. सुपर-जीला सरावाची फेरी नसते. मार्ग नजरेखालून घालायचा आणि एकदाच सुटायचं. त्या पायावर."

"पण त्याचे ५४ वर्ल्ड कप विजय बघ," बंड्या अडून बसला. "बहुतेक अपघाताआधीचे. १९९९-२००० च्या हंगामात २००० गुण काढले होते. खरा मायर तो."

"आणि २००४ चं वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद? चौथं? ते कुठल्या पायावर?"

मी दिल्याच्या बाजूचा. नागानोत पडल्यावर मायरला विचार करायला तीन दिवस होते. अपघातानंतर दीड वर्ष होतं, आणि सोडून द्यावं असं वाटायला रोज कारण होतं.

"मग तुरिनचं ऑलिंपिक कुणाच्या खात्यात?" सुध्याने विचारलं. "२००६, वय ३३. सुपर-जीत रौप्य, जायंट स्लालममध्ये कांस्य."

"माझ्या," दिल्या म्हणाला.

त्यावर बंड्याने वाद घातला नाही. किट्झब्यूलचा व्हिडिओ मात्र शोधायला लागला.