एवढ्यात न्यूझीलंड?

माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे सध्या मला, बायकोला, आयकर खात्याला आणि गेल्या गुरुवारी दादर पश्चिमेच्या एका बँकेत पासबुक भरायला आलेल्या समस्त ज्येष्ठ नागरिकांना ठाऊक आहे.

न्यूझीलंडला जायचं घाटतंय. का आणि कोणाच्या हट्टापायी, ते सोडा. तिथल्या सरकारचं म्हणणं असं की येणाऱ्या पाहुण्याने माणशी महिन्याला 1000 न्यूझीलंड डॉलर जवळ असल्याचं दाखवावं. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील, तर 400 सुद्धा चालतील. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं ऑनलाइन, सगळं ऑनलाइन. फक्त आमच्या एजंटाचा ऑनलाइनवर विश्वास नाही. "सर, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट असलं की बरं पडतं," तो म्हणाला. म्हणून अर्धी रजा टाकून मी शिक्क्यासाठी रांगेत.

पासबुक छापायचं मशीन बंद होतं. ते चालू असलेलं पाहिल्याचा दावा करणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे पासबुकवाले आणि स्टेटमेंटवाले एकाच काउंटरला. आतल्या मॅडमनी माझे सहा महिने छापले, गठ्ठ्याला टाचणी मारली आणि काचेखालून सरकवत समोरच्या काकांना म्हणाल्या, "हे जरा मागे त्यांना द्या हो."

काकांनी ते दिलं नाही.

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा दोरीने गळ्यात, आणि पासबुक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग त्या पिशवीला रबरबँड. असा माणूस कागद हाती आला की वाचतो. त्यांनी चष्मा चढवला. मला वाटलं, नाव बघून हाक मारतील. त्यांनी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"चहा, वीस," ते म्हणाले. "चहा, वीस. चहा, वीस. अहो, हे दिवसातून तीनदा?"

"काका, ते माझं आहे."

"तुमचंच विचारतोय."

मी हात पुढे केला. त्यांनी तो हात आधारासाठी आहे असं समजून बाजूच्या खुर्चीकडे वळवला आणि पान उलटलं. "कॉफी, तीनशे चाळीस. किती जण होतात?"

"एक."

"एकटेच?" हा आवाज मागून आला. पिशवीतून मेथीची जुडी डोकावणाऱ्या एक काकू होत्या. त्यांनी मान अशी हलवली की मला त्या कॉफीची खरोखर शरम वाटू लागली. वास्तविक त्या दिवशी ऑफिसच्या एका माणसाला टाळायचं म्हणून मी तिथे दीड तास बसलो होतो. भाडं म्हणून तीनशे चाळीस जास्त नाहीत. पण हे रांगेत कोणाकोणाला समजावणार?

काका शेवटच्या पानावर पोचले. शिल्लक वाचली. मोठ्याने. आकडा इथे देत नाही; ज्यांना हवाय त्यांनी त्या रांगेतल्या कोणालाही विचारावा.

"हे कशाला लागतंय?"

"व्हिसाला. न्यूझीलंडला जायचंय."

काकांनी पुन्हा शिल्लक बघितली, मग मला बघितलं, मग पुन्हा शिल्लक. "एवढ्यात?"

आता खरं तर कागद हिसकावून घ्यायचा आणि चालू पडायचं. पण मराठी माणसाला वडीलधाऱ्याने हिशेब मागितला की तो देतोच. मी सांगू लागलो. तिकिटं वेगळ्या खात्यातून काढलीयेत, एक एफडी मोडणार आहोत, आणि तिथला डॉलर पन्नासच्या आसपास आहे.

"अमेरिकेचा तर महाग आहे."

"हा न्यूझीलंडचा आहे, काका."

"म्हणजे स्वस्तातला." त्यांनी हे मागे वळून रांगेला कळवलं. "विमान थेट जातं?"

"नाही. सिंगापूरला बदलायचं."

"मग सिंगापूरलाच उतरा की! अर्ध्यात काम होईल. समुद्र तिथेही आहे."

"समुद्र तर हा काय, इथे चौपाटीला आहे," मेथीवाल्या काकू म्हणाल्या.

सिंगापूरला उतरण्यात काय अडचण आहे याचं मला आजही नीटसं उत्तर सुचलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. त्या वेळी मी मिलफर्ड साउंडचा, म्हणजे तिथल्या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीचा, आधार घेतला. म्हटलं, क्वीन्सटाउनहून रस्त्याने 290 किलोमीटर, जायलाच चार तास, वाटेत डोंगर पोखरून काढलेला सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा, आणि पलीकडे उभ्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे. वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे.

"पाऊस?" काका म्हणाले. "पैसे देऊन पाऊस बघायचा? अहो, आंबोलीला काय कमी पडतो? एसटी जाते. मला तर तिकीटसुद्धा नाही, पंचाहत्तर पूर्ण झाली."

हे खरंच आहे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना राज्यात एसटी फुकट आहे. त्या क्षणी माझ्या तिघांच्या बजेटची काकांच्या शून्य रुपयांशी तुलना झाली आणि मी हरलो. तरी हट्टाने म्हणालो, "मेंढ्याही आहेत. माणसं 53 लाख आणि मेंढ्या दोन कोटींच्या वर. 1982 मध्ये तर सात कोटी होत्या."

"मग बाकीच्या गेल्या कुठे?" काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"लोकरीला भाव राहिला नाही. सरकारने शेतकऱ्यांचं अनुदान बंद केलं. लोक गाई पाळायला लागले."

"बघा," काका रांगेला म्हणाले, "मेंढ्या तिथून गेल्या आणि हे निघालेत."

रांग हसली. मॅडम हसल्या. बंदूकवाला वॉचमन हसला, ज्याला आजवर मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. मग काकांना काहीतरी आठवलं. "थांबा, 53 लाख म्हणालात? अख्ख्या देशात? 2011 च्या जनगणनेला नुसती मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. मी पालिकेत होतो, मला सांगू नका." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "म्हणजे गर्दीच नाही?"

"अजिबात नाही."

ते बराच वेळ विचार करत होते. मग स्टेटमेंट माझ्या हातात ठेवत म्हणाले, "मग करमणार कसं तुम्हाला?"

शिक्का मिळाला. पुसट आहे, बँकेचं नाव वाचायला नशीब लागतं, पण एजंट खूश आहे.

घरी येताना मात्र मला हसू येत नव्हतं. याच खात्यातून उद्या लग्नाचा हॉल बुक केला असता, हजार पानं उठवली असती, परतभेटीला चांदीच्या वाट्या दिल्या असत्या, तर हेच काका मठ्ठ्याचा दुसरा पेला मागत म्हणाले असते, "छान केलंत हो." त्या हॉलमध्ये "एवढ्यात?" विचारायची कोणाची छाती होत नाही. दागिन्यांच्या दुकानात होत नाही. वन बीएचकेला आयुष्य गहाण टाकणाऱ्याला तर लोक पेढे मागतात. फिरायला जातो म्हटलं की मात्र सगळ्यांना तुमची काळजी. तीही मोठ्या आवाजात.

बाकी बजेट म्हणाल तर ते बायकोच्या एक्सेलमध्ये आहे आणि ते उघडायला तिची परवानगी लागते. मला दाखवलेल्या भागात जेवणाचा रकाना बारीक आणि करांचा रुंद आहे. पॅकेजवर 5 टक्के जीएसटी. त्यावर टीसीएस, म्हणजे सरकार आधी कापून घेतं आणि रिटर्न भरल्यावर हिशेबात धरतं. 2023 च्या ऑक्टोबरपासून पॅकेजच्या 7 लाखांच्या वरच्या रकमेवर तो थेट 20 टक्के झाला. 2025 च्या एप्रिलपासून त्या 7 चे 10 झाले, आणि 2026 च्या एप्रिलपासून सरसकट 2 टक्के. अर्थसंकल्प आला की बायको भाषण ऐकते आणि मी तिचा चेहरा. पगारातून टीडीएस कापून उरलेल्या पैशांवर हा टीसीएस. एका अक्षराचा फरक आहे, खिसा तोच. तिथे जाऊन क्रेडिट कार्ड घासलं तर बँक परकीय चलनाचे साधारण साडेतीन टक्के लावणार, आणि त्या साडेतीन टक्क्यांवर पुन्हा जीएसटी. शिवाय न्यूझीलंड सरकार बहुतेक पाहुण्यांकडून माणशी निसर्ग आणि पर्यटन राखायला म्हणून 100 डॉलर घेतं. 2024 च्या सप्टेंबरपर्यंत हे 35 होते. आम्ही तेव्हा जाणार होतो. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

आणि एवढं करून सिद्ध काय करायचं, तर आपण परत येणार आहोत. कंपनीचं पत्र, रजा मंजूर झाल्याचं पत्र, घराचे कागद, मुलीच्या शाळेचा दाखला. मी एजंटाला म्हटलं, गृहकर्जाचं वेळापत्रक जोड, हप्ते 2041 पर्यंत आहेत. यापेक्षा भक्कम पुरावा जगातल्या कुठल्याही सरकारला मिळणार नाही. तो म्हणाला, "सर, त्यात जबाबदारी जास्त दिसते." जबाबदारी नसती तर मी त्या रांगेत चहाचा हिशेब देत उभा राहिलो असतो का? पण त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्याची फी आगाऊ दिली आहे.

एक्सेलमध्ये काल रात्री एक नवी ओळ आली. आईने फोनवर जाहीर केलं की सोबत बेसनाचे लाडू देणार, तिकडे काय खायला मिळतं कोण जाणे. मी तिला समजावलं की न्यूझीलंडला खाण्याच्या वस्तू आणल्या तर विमानातल्या कार्डावर किंवा ऑनलाइन आधी सांगाव्या लागतात. सांगितलं तर दंड नाही, पण तपासतात, आणि नको वाटलं तर काढून घेतात.

"काढून घेऊन काय करतात? खातात?"

"नाही गं. नष्ट करतात."

"बेसनाचे लाडू?" आईचा आवाज चढला. "साजूक तुपातले? मग सांगायचंच कशाला? आपले लाडू आहेत, चोरीचे थोडेच आहेत."

"न सांगता सापडले तर 400 डॉलर दंड आहे, आई. जागच्या जागी. वीस हजार रुपये."

पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं, पटलं. माणसाच्या महिनाभराच्या पोटापाण्याला तिथलं सरकार जेवढे पुरे म्हणतं, तेवढेच एका डब्याला लागणार, हे तिला लागलं असावं.

"अरे, हे वीस हजार," आईने शेवटी विचारलं, "डब्याला की लाडवाला?"

बायको सध्या ते शोधतेय.