मी, बदली नमुना

खरं तर वाजायला हवं होतं ३०२ चं दार. तिथे कुलूप, म्हणून सर्वेक्षणवाल्या मुलाने माझं वाजवलं. "दर दहावं घर घ्यायचंय सर. पण तुम्ही चालाल."

चालाल! मेथी संपली म्हणून शेपू उचलावा, तसा मी समाजाचा प्रतिनिधी झालो. बंद घराला वेगवेगळ्या वेळी दोन-तीन फेऱ्या मारायच्या असतात. शेजारचं दार ठोठावलं की भरदुपारी घरी सापडणारेच नमुन्यात गोळा होतात, आणि यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, निवडीचं पुण्य तिथेच संपतं.

तेवढ्यात समोरच्या काकू कढीपत्ता खुडत दारात आल्या.

"घरातले निर्णय कोण घेतं?"

"ह्याची बायको," काकू.

"काकू, प्रश्न मला आहे."

"मग सांग की. पण खरं सांग."

मुलाने खूण केली. "महिन्याचं उत्पन्न?"

खुडणं थांबलं. मी आकडा जरासा फुगवला.

"हो का?" काकू म्हणाल्या, "मग मेन्टेनन्स कसा थकलाय?"

म्हणूनच मुलाखत एकांतात घ्यायची असते. चारचौघांत माणूस उत्तर देत नाही, अब्रू सांभाळतो.

पुढचा प्रश्न : "सोसायटीतली स्वच्छता आणि सुरक्षा यांबद्दल किती समाधानी?" जिना रोज झाडला जातो, वॉचमन रोज झोपतो. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबले की उत्तर कशाचं द्यायचं? मानसशास्त्रज्ञ लिकर्टच्या १९३२ सालच्या पट्टीवर 'अगदी असमाधानी'पासून 'अगदी समाधानी'पर्यंत पाच घरं. मुलाने मधलं दाबलं. "तटस्थ लिहितो." अहो, मी चिडलोय!

संख्या वाढवून हे रोग बरे होत नाहीत. १९३६ साली अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने जनमत चाचणी घेतली. सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या. त्यांनी लँडनना निवडून आणलं. अमेरिकेने रूझवेल्टना, ४८ पैकी ४६ राज्यांत. मग सविस्तर मुलाखती घ्याव्यात? तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात, आणि वीस जणांवरून शहराची टक्केवारी काढता येत नाही ती नाहीच.

सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत राहूनच त्यांना न्याहाळणं, मात्र काकूंचंच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली अभ्यासासाठी रामपुरा या कर्नाटकातल्या खेड्यात जाऊन राहिले. काकूंचा मुक्काम त्याहून कितीतरी लांबलाय. संमती तेवढी कुणाची घेतलेली नाही.

शेवटचे दोन रकाने मुलाने स्वतःच भरले. मी मान वाकडी करून वाचले. 'उत्तरदात्याचं सहकार्य : बेताचं.' 'मुलाखतीच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर : नाही.'

"बरोबर लिहिलंस रे," काकू म्हणाल्या.